चूकभूल द्यावी घ्यावी



सर्व स्तुती अल्लाहची आणि अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम. आज एका साध्या कागदाविषयी बोलावयाचे आहे. आपल्या कोणत्याही गावच्या बाजारपेठेत जा, कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानातून काही खरेदी करा आणि हाती आलेली पावती निरखून पाहा. तिच्या तळाशी बहुधा दोन ओळी छापलेल्या आढळतात. एक ओळ सांगते, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. दुसरी सांगते, चूकभूल द्यावी घ्यावी. या दोन ओळी पिढ्यान्‌पिढ्या एकाच पावतीवर शेजारी नांदत आल्या आहेत आणि त्यांतील विसंगती आपल्या ध्यानातही येत नाही. पहिली ओळ दार लावून घेते, दुसरी ते उघडे ठेवते. गिऱ्हाईक तक्रार घेऊन दुकानाची पायरी चढते, त्या क्षणी दुकानदाराला या दोहोंपैकी एकच ओळ पाळता येते. ती कोणती, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आपल्यांपैकी कितीतरी घरांची चूल लहानमोठ्या व्यापारावर पेटते. कोणाची फळांची गाडी आहे, कोणाचे चपलांचे दुकान, कोणाचा मटणाचा गाळा, कोणाची मोबाईल दुरुस्तीची टपरी. आपल्या भगिनी घरबसल्या बुरखे, अत्तरे आणि मसाले विकतात. या साऱ्यांच्या दारी भावावरून होणारा वाद आणि "सांगितले एक, दिले भलतेच" ही तक्रार केव्हा ना केव्हा येतेच. नमाज, रोजा, जकात यांचे मसले आपण आवर्जून विचारतो. गिऱ्हाईक भांडायला आले असता काय करावे, हा मसला मात्र मला इमामतीच्या इतक्या वर्षांत फारच थोड्यांनी विचारला आहे.

मदयनवासीयांचा प्रश्न

दिव्य कुरआनच्या सूरह हूदमध्ये हजरत शुऐब (अलै.) यांची हकीकत आली आहे. त्यांना ज्या मदयन वस्तीकडे पाठविण्यात आले, ती व्यापारी लोकांची वस्ती होती. हजरत शुऐब (अलै.) यांनी प्रथम एका अल्लाहच्या उपासनेचे आवाहन केले आणि लगोलग दुसरी गोष्ट सांगितली ती तराजूची. माप पुरते द्या, तोल न्याय्य ठेवा, लोकांच्या वस्तूंत घट करू नका, असा तो आदेश होता. यावर त्या व्यापाऱ्यांनी उपहासाने त्यांना विचारले की, आमच्या वाडवडिलांची दैवते आम्ही सोडावीत आणि आमच्याच मालमत्तेचा आमच्या मनाप्रमाणे वापर करू नये, हे तुमची नमाज तुम्हाला शिकविते काय?

हा प्रश्न त्यांनी थट्टेने केला. परंतु त्यातील जाण खरी होती. नमाज जर खरी असेल, तर ती गल्ल्यापर्यंत पोहोचते, हे त्या नाकारणाऱ्यांनाही उमगले होते. आज आपण मदयनवाल्यांप्रमाणे थट्टा करीत नाही. आपण मुकाट्याने नमाज पहिल्या सफमध्ये अदा करतो आणि मालाचा व्यवहार आपल्या मर्जीने करतो. थट्टा करणाऱ्याला निदान दोन्ही गोष्टींचा संबंध ठाऊक होता.

सूरह मुतफ्फिफीनचा आरंभच अशा लोकांच्या धिक्काराने होतो, जे स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि इतरांना देताना कमी करून देतात. 'ततफीफ' या शब्दाच्या मुळाशी क्षुल्लक, नगण्य असा अर्थ आहे, हे अरबी भाषेचे जाणकार सांगतात. म्हणजे येथे दरोड्याची गोष्ट नाही. पाच-दहा ग्रॅमची, पाच-दहा रुपयांची, "एवढ्याशाने काय होते" अशा चोरीची गोष्ट आहे. आणि एवढ्याशा गोष्टीपाठोपाठ कुरआन लगेच विचारतो की, एका महान दिवशी आपल्याला उठविले जाणार आहे, हे या लोकांच्या ध्यानी येत नाही काय?

ओले धान्य आणि तुंबलेली कास

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची हदीस आहे. प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. बोटांना ओल लागली. विक्रेत्याला त्यांनी कारण विचारले. पावसाने भिजले, असे तो म्हणाला. यावर प्रेषितांनी (स.) विचारले की, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि बजावले की, जो फसवितो त्याचा माझ्याशी संबंध नाही.

या हदीसमध्ये एक बारीक गोष्ट आहे. धान्य भिजले यात त्या माणसाचा अपराध नव्हता, कारण पाऊस अल्लाहचा. ओले धान्य विकण्यासही त्याला मनाई झाली नाही. अपराध एवढाच, की कोरडे वर होते आणि ओले खाली. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या राशीचा वरचा थर म्हणजे जाहिरात होती आणि खालचा थर म्हणजे माल.

दुसरे उदाहरण जनावरांच्या बाजारातले आहे. त्या काळी काही विक्रेते उंटिणीचे किंवा शेळीमेंढीचे दूध दोन-तीन दिवस काढीतच नसत. कास तुंबून भरदार दिसे आणि घेणाऱ्याला जनावर दुभते वाटे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत या प्रकाराची मनाई आली आहे. असे जनावर घेतलेल्या माणसाला ते ठेवण्याचा अथवा परत करण्याचा अधिकार प्रेषितांनी (स.) दिला, एका रिवायतीत त्यासाठी तीन दिवसांची मुदत आहे. परत करताना प्यालेल्या दुधाच्या बदल्यात एक साअ खजूर द्यावे, असेही सांगितले. येथे विक्रेता तोंडाने काही खोटे बोललाच नव्हता. केवळ देखावा त्याने खोटा केला होता. तरीही माल परत करण्याचा हक्क प्रस्थापित झाला आणि विक्रेत्याच्या दुधाचीही भरपाई झाली. चौदाशे वर्षांपूर्वी फसव्या जाहिरातीविरुद्ध दिलेला हा निवाडा आहे. त्यात गिऱ्हाइकाचा हक्क आहे, मुदत आहे आणि दुकानदारावरही अन्याय नाही.

माझ्या पदरचा एक हिशेब

आता जे सांगतो ते मिंबरवरून सांगण्याचे धाडस मला पुष्कळ वर्षे झाले नव्हते.

२००५ साली रमजान ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली होती. मी पंधरा वर्षांचा होतो. मदरशाला सुटी असल्याने चाचांच्या कापडदुकानात बसत असे. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यातील एक प्रौढ बाई आल्या. मुलीच्या पहिल्या दिवाळसणासाठी त्यांना साडी हवी होती. गडद लाल रंगाची एक साडी त्यांच्या मनात भरली. धुतल्यावर रंग जाईल का, असे त्यांनी दोनदा विचारले. त्या ठाणातील साड्यांचा रंग उतरतो, हे दुकानातल्या नोकरांच्या बोलण्यातून माझ्या कानावर आले होते. मी रोजा धरला होता आणि त्या रोजाच्या तोंडाने मी म्हणालो, खुदाची शपथ, रंग जाणार नाही.

ईदनंतरच्या बाजारी त्या परत आल्या. पिशवीतून साडी काढली. लाल रंग पांढऱ्या काठावर पसरला होता. चाचा जुहरच्या नमाजला गेले होते. मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले आणि म्हणालो, वाचा, काय लिहिले आहे. त्या म्हणाल्या, "मला वाचता येत नाही बाबा. मी तुझ्या तोंडाकडं बघून घेतली होती." त्यांनी साडीची घडी घातली, ती पिशवीत ठेवली आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. एक शब्द जास्त बोलल्या नाहीत.

चाचा परतल्यावर मी मोठ्या अभिमानाने सांगितले की, परतीला आलेला एक माल मी टाळला. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "बेटा, बाई कुठल्या गावच्या?" मला ठाऊक नव्हते. त्यांनी मला एसटी स्टँडवर पिटाळले. बाजाराची गर्दी होती, गाड्या भरून भरून निघत होत्या. बाई सापडल्या नाहीत. त्या रात्री चाचांनी साडीची किंमत एका पाकिटात घातली, वर 'लाल साडी' असे लिहिले आणि ते गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात ठेवले. ती पाटीही त्यांनी उतरविली. जवळजवळ वर्षभर प्रत्येक बाजाराच्या दिवशी ते पायरीकडे पाहत बसत. अखेरीस ती रक्कम त्यांनी त्या बाईंच्या वतीने एका गरजवंताला दिली.

पुढे फिकह शिकताना मला कळले की, हक्कदार न सापडल्यास त्याच्या वतीने सदका करावा. परंतु तो कधी समोर आला आणि सदका त्याने मान्य केला नाही, तर रक्कम त्याला द्यावीच लागते. चाचा आता हयात नाहीत. तो हिशेब आता माझ्याकडे आहे. रक्कम फेडता येईल. खोटी शपथ आणि "वाचा" हा शब्द कसा फेडावा, हे मला अजून उमगलेले नाही. रोजा धरूनही जो खोटे बोलणे सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडल्याची अल्लाहला गरज नाही, या आशयाची हदीस बुखारीत आहे. दर रमजानमध्ये ती शिकविताना मला ती बाई आठवते.

हजरत यूनुस बिन उबैद (रह.) यांचे दुकान

इमाम गझाली (रह.) यांच्या 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात एक हकीकत वाचली, तेव्हा मी काही काळ पुस्तक मिटून बसलो. बसरा येथील हजरत यूनुस बिन उबैद (रह.) हे मोठे विद्वान आणि कापडाचे व्यापारी. एकदा ते दुकानावर पुतण्याला बसवून नमाजला गेले. दुकानात काही जोड चारशे दिरहमचे होते, काही दोनशेचे. वाळवंटातला एक रहिवासी आला आणि त्याने चारशेचा जोड मागितला. पुतण्याने दोनशेचा दाखविला. त्याला तो पसंत पडला आणि चारशे मोजून तो निघाला. वाटेत यूनुस (रह.) भेटले. त्यांनी कापड ओळखले, किंमत विचारली आणि सांगितले की, हे दोनशेहून अधिक मोलाचे नाही, परत चला. तो म्हणाला, आमच्याकडे याला पाचशे पडतात आणि मी खूश आहे. तरीही यूनुस (रह.) यांनी त्याला दुकानात आणले, दोनशे दिरहम परत केले आणि पुतण्याला खडसावले. गिऱ्हाइकाने राजीखुशीने घेतले, असे पुतण्या म्हणाला. यावर त्यांनी विचारले की, स्वतःसाठी जे पसंत करशील तेच त्याच्यासाठी का पसंत केले नाहीस?

येथे गिऱ्हाइकाची तक्रारही नव्हती. तक्रार दुकानदाराच्या अंतःकरणातून उठली. आपल्याला निदान इतके तरी जमावे की, गिऱ्हाईक पायी चालत येऊन तक्रार करील तेव्हा ती ऐकावी.

तक्रारीचे तीन प्रकार

तक्रार ऐकावयाची म्हणजे प्रत्येक तक्रार मान्य करावयाची, असे नव्हे. शरीअत न्याय शिकविते आणि न्यायासाठी प्रथम प्रकार ओळखावा लागतो.

पहिला प्रकार असा की, गिऱ्हाईक म्हणते, हीच वस्तू पलीकडच्या दुकानात स्वस्त आहे. शरीअतने नफ्याची टक्केवारी ठरवून दिलेली नाही. सूरह निसामध्ये परस्पर संमतीचा व्यापार वैध ठरविला आहे. मदीनेत भाव चढले, तेव्हा लोकांनी भाव बांधून देण्याची विनंती केली. हजरत अनस (रजि.) यांच्या हदीसनुसार प्रेषितांनी (स.) ते मान्य केले नाही. भावाची चढउतार अल्लाहच्या हाती आहे आणि कोणाच्याही जीविताविषयी वा मालाविषयी अन्यायाचा दावा माझ्यावर नसावा अशा स्थितीत मला अल्लाहला भेटावयाचे आहे, असे ते म्हणाले. म्हणून केवळ भाव जास्त लावला, एवढ्याने दुकानदार गुन्हेगार ठरत नाही. मात्र वादात आपल्या तोंडून सहज निघते, "अहो, माझी खरेदीच एवढ्याची आहे." खरेदी तेवढ्याची नसेल, तर येथे व्यापार संपला आणि असत्य सुरू झाले. खरेदीची किंमत सांगून त्यावर नफा घेण्याच्या व्यवहाराला फिकहमध्ये 'मुराबहा' म्हणतात. अशा व्यवहारात खरेदीविषयी खोटे सांगणे ही अमानतीत केलेली खयानत होय. भाव सांगा, खरेदी सांगू नका. सांगायचीच असेल तर खरी सांगा. वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीहून अधिक घेणे तर या देशाच्या कायद्यानेच गुन्हा आहे. तेथे "थंड करण्याचे दोन रुपये जास्त" ही सबब चालत नाही.

दुसरा प्रकार असा की, फळीवर चिठ्ठी एका किमतीची आणि गल्ल्यावर आकारणी दुसऱ्या किमतीची. फकीह सांगतात की, सौदा प्रस्ताव आणि स्वीकृती यांनी पक्का होतो. केवळ चिठ्ठीने होत नाही. ही पळवाट काहींना फार आवडते. पण ते गिऱ्हाईक त्या चिठ्ठीवरचा आकडा वाचूनच आत आले, मनात हिशेब करून रांगेत उभे राहिले. चूक खरोखरीची असेल, तर पैसे घेण्याआधी मोकळेपणाने सांगावे आणि घेणे न घेणे त्याच्यावर सोपवावे. त्याहून उत्तम हे की, त्या एका गिऱ्हाइकाला चिठ्ठीच्या भावाने द्यावे आणि मग चिठ्ठी बदलावी. चूक आपली, तर तोटाही आपण सोसावा. चिठ्ठी मुद्दाम कमी लिहिली असेल, तर ती तुंबलेली कास आहे.

तिसरा प्रकार असा की, वस्तूच सांगितल्यापेक्षा वेगळी किंवा सदोष निघाली. विक्रीपूर्वीपासून असलेला आणि गिऱ्हाइकाला ठाऊक नसलेला दोष आढळल्यास सौदा रद्द करण्याच्या अधिकाराला 'खियारे ऐब' म्हणतात. आपण हनफी असा वा कोकणातील आपल्या बांधवांप्रमाणे शाफई, हा अधिकार दोन्ही मस्लकांत मान्य आहे. कोणी म्हणेल की, दोषांची जबाबदारी माझ्यावर नाही असे सांगून विकण्याची चर्चा फिकहमध्ये आहे. ती आहे. पण ती उघडपणे सांगून घेतलेल्या संमतीची चर्चा आहे. तोंडाने "गॅरंटी" म्हणावे आणि भिंतीवरील पाटीकडून अंग काढून घ्यावे, असा मार्ग कोणत्याही इमामाने दाखविलेला नाही. ठाऊक असलेला दोष लपविणे तर कोणत्याही पाटीने हलाल होत नाही.

या तिहींपलीकडे आणखी एक पायरी आहे. माल चांगला आहे, भाव ठरल्याप्रमाणे आहे, पण घेणाऱ्याला पश्चात्ताप झाला आहे. अशा वेळी परत घेणे दुकानदारावर बंधनकारक नाही. तरीही जो असा सौदा परत फिरवितो, त्याच्या चुका अल्लाह पुनरुत्थानाच्या दिवशी माफ करील, असे अबू दाऊद व इब्ने माजा यांच्या संग्रहांतील हदीसमध्ये आले आहे. त्याची चूक आपण येथे परत घ्यावी आणि आपली चूक अल्लाहने तेथे परत घ्यावी, असा हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे.

हक्कदाराचे बोलणे

"मौलाना, तक्रारीचे काही नाही, पण लोक ज्या भाषेत बोलतात, ती सहन होत नाही," असे एका दुकानदार बांधवाने मला सांगितले. त्यांची अडचण खरी आहे. चार माणसांदेखत कोणी आवाज चढविला की मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि इज्जतीचा प्रश्न उभा राहतो.

बुखारीत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची हदीस आहे. प्रेषितांवर (स.) एका माणसाचे उंटाचे देणे होते. तो आला आणि कठोर शब्दांत मागू लागला. सहाबा त्याला धडा शिकवावयास पुढे सरसावले. प्रेषितांनी (स.) त्यांना आवरले आणि समजाविले की, ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचा अधिकार असतो. त्याच्या उंटाच्या वयाचा उंट मिळाला नाही, त्याहून चांगला मिळाला. तोच त्याला द्यावयास त्यांनी सांगितले आणि उत्तम रीतीने देणे फेडणारा तो तुमच्यांतील उत्तम माणूस, असेही म्हणाले.

मदीनेच्या सर्वोच्च व्यक्तीसमोर कोणी आवाज चढवितो आणि त्याला तो अधिकार दिला जातो. मग आपल्या दहा फुटी गाळ्यातील इज्जत एवढी कशाने दुखावते? आणि तो गिऱ्हाईक मुस्लिम नसेल, तर ही जबाबदारी वाढते. कमी होत नाही. त्याने आपला कुरआन वाचलेला नसतो. आपला धर्म त्याला आपल्या तराजूत, आपल्या शब्दांत दिसतो. त्या बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहून साडी घेतली होती, तेव्हा त्या माझ्या तोंडात इस्लामच पाहत होत्या.

धर्माच्या नावाची जाहिरात

आजची जाहिरात मोबाईलच्या पडद्यावर येते, पण तिचे स्वरूप जुनेच आहे. हजारची वस्तू आधी दोन हजारांची करावयाची आणि मग 'पन्नास टक्के सूट' लिहावयाची. परक्याच्या मालाचे छायाचित्र लावून आपला माल पाठवावयाचा. मुदत उद्याही तीच असताना 'फक्त आजच' म्हणावयाचे. ओळखीच्यांकडून बनावट शिफारशी लिहवून घ्यावयाच्या. घ्यावयाची इच्छा नसताना भाव चढविण्यासाठी बोली लावणे, ज्याला 'नजश' म्हणतात, ते प्रेषितांनी (स.) निषिद्ध केले आहे. बनावट शिफारस ही त्याच जातीची आहे.

यांहून दुःखद प्रकार धर्माच्या नावाने चालतो. कलौंजीचे तेल, मध, अजवा खजूर यांच्या बाटल्या-डब्यांवर मधुमेह मुळापासून बरा होतो, कर्करोग जातो, असे छापले जाते आणि वर 'सुन्नती' हा शब्द असतो. कलौंजीचे गुण हदीसमध्ये आले आहेत, त्यांवर आपली श्रद्धा आहे. परंतु अमुक कंपनीची अमुक बाटली घेतल्यास डॉक्टरांच्या गोळ्या सोडा, हे प्रेषितांनी (स.) सांगितलेले नाही. ते विक्रेत्याने पदरचे जोडले आणि पवित्र नावाखाली खपविले. अशा जाहिरातींना या देशात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानेच मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आजारी माणसाच्या भोळ्या श्रद्धेवर घेतलेला नफा हलाल कसा म्हणावा? खोट्या शपथेने माल खपतो आणि बरकत पुसली जाते, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. वस्तूवर धर्माचे नाव खोटेपणाने छापणे ही न बोलता घेतलेली शपथच होय.

कायदा आणि गिऱ्हाइकाचे कर्तव्य

आपल्या देशात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती न देणे हीदेखील तशीच. फसव्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गिऱ्हाइकाला जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. हे शरीअतच्या विरोधात नाही. तिने जे अंतःकरणावर सोपविले त्याचा काही भाग येथे कागदावर आला आहे.

मात्र तराजूला दोन पारडी असतात. ईदला घालून मिरविलेला पोशाख तिसऱ्या दिवशी "मापात बसत नाही" म्हणून परत करणे, आपल्या हातून फुटलेली वस्तू "फुटकीच निघाली" म्हणणे, दोष कळल्यावरही वापरत राहून मग किंमत मागणे, भाव पाडण्यासाठी चांगल्या मालाला नावे ठेवणे, ही गिऱ्हाइकाकडून होणारी फसवणूक आहे. दुकानदार पुरावा नसताना आपल्या शब्दावर विसंबतो, तेव्हा तोही आपल्या तोंडाकडे पाहत असतो. भगिनींनो, आपली मुले अशा प्रसंगी आपल्या शेजारी उभी असतात. ती तेथे जे शिकतात, ते कोणताही मक्तब पुसू शकत नाही.

उद्या दुकान उघडताना

काही गोष्टी उद्याच करता येतील. माल परत न घेण्याची पाटी उतरवा किंवा तिच्याऐवजी किती दिवसांत, कोणत्या अटींवर परत घेऊ, ते स्पष्ट लिहा. वाचता न येणाऱ्याला ते तोंडाने सांगा. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला अथवा नोकराला सांगून ठेवा की, शपथ घ्यावयाची नाही आणि ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" म्हणावयाचे. तक्रार आली की आधी गिऱ्हाइकाला बसवा, पूर्ण ऐका, मग वस्तू पाहा आणि शेवटी बोला. चूक आपली असेल, तर परतीचे पैसे त्याच्या हातावर ठेवा, फेकू नका. चूक त्याची असेल, तर तेही मृदूपणे सांगा. विकताना, घेताना आणि आपला हक्क मागताना जो नरमाईने वागतो, त्याच्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या दयेची दुआ केली आहे.

बंधू-भगिनींनो, सहीह मुस्लिममध्ये आपल्या उम्मतच्या खऱ्या दिवाळखोराचे वर्णन आले आहे. तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. पण कोणाला शिवी दिली असेल, कोणाचा माल खाल्ला असेल. त्याची सत्कृत्ये एकेक करून त्या हक्कदारांना वाटली जातील आणि ती संपल्यावर त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातील. त्या दिवशीही तक्रारदार असतील, रांग असेल, पण गल्ल्यात दिनार-दिरहम नसतील.

म्हणून जे गिऱ्हाईक आज तक्रार घेऊन आपल्या दारी येते, ते आपल्यावर उपकार करते. त्या दिवसाचा हिशेब ते येथेच, काही रुपयांत मिटवावयास आलेले असते. माझ्याकडे एक असे गिऱ्हाईक आले होते आणि मी त्याला पाटी दाखविली. ती बाई हयात असतील तर अल्लाह त्यांना सुखात ठेवो आणि त्यांची माझी गाठ येथेच घालून देवो.

हे अल्लाह, आमच्या कमाईतून हराम दूर कर. आमच्या जिभेला विक्रीच्या वेळी खरे बोलण्याचे आणि तक्रारीच्या वेळी गप्प राहून ऐकण्याचे सामर्थ्य दे. ज्यांचे हक्क आम्ही बुडविले आहेत, त्यांना आमच्यापर्यंत पोहोचव अथवा आम्हाला त्यांच्यापर्यंत पोहोचव, तुझ्यासमोर उभे राहण्याआधी. आमीन.